एक संहिता, दोनशे प्रयोग

नाटकाची संहिता एक असते आणि तिचे प्रयोग अनेक होतात. दिग्दर्शक बदलला, नेपथ्य बदलले की तेच संवाद निराळे वाटू लागतात. पण म्हणून संवाद बदलले असे कोणी म्हणत नाही. संगणकाच्या पडद्यावरील वेबपानाच्या बाबतीतही हे करता येते असे ज्या उपक्रमाने जगाला दाखवून दिले, त्याचे परीक्षण आम्ही येथे करणार आहोत. त्याचे नाव 'सीएसएस झेन गार्डन'. कॅनडातील डेव्ह शे या आरेखनकाराने मे २००३ मध्ये ते महाजालावर मांडले.

वीस वर्षांहून जुन्या गोष्टीचे परीक्षण आता कशाला, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण असे की वेबपानाची रचना शिकवताना आजही या बागेचे उदाहरण दिले जाते, आणि तेही दोन गोष्टींचे आदर्श म्हणून. एक, मजकूर आणि त्याचे रूप वेगळे कसे ठेवावे याचे. दुसरे, खुल्या मनाने एकमेकांचे पाहून शिकणाऱ्या मंडळींचे. आपल्याकडे ११ वी-१२ वीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात एचटीएमएल आणि सीएसएस शिकवले जाते. तो तास घेणाऱ्या शिक्षकांनी ही बाग विद्यार्थ्यांना दाखवावी का, आणि दाखवली तर काय सांगून दाखवावी, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे.

मुळात हे काम महत्त्वाचे का ठरले हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. वेबपान म्हणजे साध्या मजकुराची एक फाइल. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी अशा खुणा त्या मजकुराच्या मागेपुढे केलेल्या असतात. या खुणा म्हणजे टॅग, आणि खुणांची ही भाषा म्हणजे एचटीएमएल. सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी ती बेतली, ती शास्त्रज्ञांना आपली टिपणे एकमेकांशी जोडता यावीत म्हणून. मजकूर कोणत्या रंगात दिसावा, किती रकान्यांत बसावा, याची काळजी तिच्यात फारशी नव्हती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची आज्ञावली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आणि पुढच्या काही वर्षांतच वृत्तपत्रे, व्यापारी, जाहिरातदार असे सगळे तेथे येऊन दाखल झाले. त्यांना छापील पानासारखे नटलेले पान हवे होते. एचटीएमएलमध्ये आकडेवारीचा तक्ता मांडण्यासाठी काही टॅग होते. आरेखनकारांनी त्यांनाच कामाला जुंपले. पानभर एक अदृश्य तक्ता आखायचा, एका चौकटीत चित्र ठेवायचे, दुसरीत मजकूर, आणि तिसरीत एका पिक्सेलचे पारदर्शक चित्र पाचरीसारखे ठोकून नुसती जागा अडवायची. तक्त्याच्या पोटात तक्ता आणि त्याच्याही पोटात तक्ता! अशा पानाची मूळ संहिता उघडली की चार ओळींचा मजकूर शोधायला चाळणी घेऊन बसावे लागे.

यावरचा उपाय कागदावर केव्हाच तयार होता. होकॉन व्यूम ली यांनी १९९४ साली असे सुचवले की एचटीएमएलच्या फाइलीत केवळ मजकूर आणि त्याच्या खुणा असाव्यात आणि रूप कसे असावे याच्या सूचना वेगळ्या फाइलीत लिहाव्यात. हीच सीएसएस. डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून जाहीर झाली. परंतु ब्राउझर बनवणाऱ्यांनी ती अर्धीमुर्धी आणि आपापल्या परीने अमलात आणली. त्यामुळे आरेखनकारांची समजूत अशी झाली की सीएसएसने बांधलेली पाने शुद्ध असतील, पण दिसायला रुक्षच असणार. डेव्ह शे यांनी या समजुतीशी वाद घातला नाही. त्यांनी एक पान लिहिले.

त्या पानाची एचटीएमएल फाइल सर्वांसाठी एकच. तिला कोणी हात लावायचा नाही, एक अक्षरही बदलायचे नाही. ज्याला भाग घ्यायचा आहे त्याने फक्त सीएसएसची फाइल आणि लागतील ती चित्रे तयार करून पाठवायची. पहिल्या पाच रचना शे यांनी स्वतः केल्या, आणि मग इतर देशांतून रचना येऊ लागल्या. निवडलेल्या रचनांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. यादीतील एका नावावर टिचकी मारावी तो शांत जपानी बगीचा, दुसऱ्या नावावर मारावी तो समुद्र, तिसऱ्यावर एखादे भडक भित्तिपत्रक. आणि प्रत्येक वेळी संहिता उघडून पाहावी तर तेच शब्द, त्याच क्रमाने. रकाने डावीकडून उजवीकडे गेलेले, यादी तळातून माथ्यावर आलेली, पण फाइल तीच. व्याख्यानाने जे समजायला तासभर लागेल ते येथे दोन टिचक्यांत समजते. या बाबतीत आम्ही या कामाला पैकीच्या पैकी गुण देतो. तक्त्यांची सद्दी संपवण्यात त्याचा मोठा वाटा होता, हेही मान्य केले पाहिजे.

आता गुण कापण्याकडे वळू.

संहितेला हात लावायचा नाही हा नियम खराच पाळला गेला. पण ती संहिता मुळात लिहिली कशी होती? २००३ ची फाइल विद्यार्थ्यांबरोबर शेवटपर्यंत वाचावी अशी आमची शिफारस आहे. प्रत्येक शीर्षकाच्या टॅगच्या आत आणखी एक टॅग घातलेला दिसतो, ज्याचा मजकुराच्या अर्थाशी काही संबंध नाही. जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाला स्वतंत्र नाव दिलेले आहे. आणि फाइलीच्या शेवटी सहा रिकामे डबे आहेत, ज्यांत एकही शब्द नाही. हे सर्व आरेखनकाराच्या सोयीसाठी. नाटककाराने संवाद लिहितानाच नेपथ्यकारासाठी भिंतीत सहा खुंट्या ठोकून ठेवाव्यात, तसे हे झाले. म्हणजे मजकुराला रूपाची काहीच कल्पना नाही असे जे सांगितले जाते, ते पूर्णपणे खरे नाही; आपल्याला नटवले जाणार आहे हे या मजकुराला ठाऊक होते. यात लबाडी होती असे आम्ही म्हणत नाही. २०१३ साली, दहा वर्षे पूर्ण झाली तेव्हा, फाइल नव्या एचटीएमएलमध्ये पुन्हा लिहिली गेली. तिच्यातही ते सहा डबे ठेवले आहेत आणि शेजारी टीप आहे की आता यांची गरज उरलेली नाही, जुन्या रचना मोडू नयेत म्हणून ते राहू दिले आहेत. आपल्या कामातील टेकू असे उघडपणे दाखवणारे थोडेच असतात. पण वर्गात ही टीप कोणी वाचून दाखवत नाही. दाखवली जातात ती रूपे.

शीर्षकातल्या त्या जादा टॅगचा उपयोग काय होता हे पाहिले तर अधिक गंभीर गोष्ट हाती लागते. त्या काळी वाचकाच्या संगणकावर जे टंक असतील तेवढ्यांवरच भागवावे लागे. पानाबरोबर टंक पाठवण्याची सोय सर्व ब्राउझरांत नव्हती. मग सुंदर अक्षरांतले शीर्षक हवे तर काय करायचे? ते चित्र म्हणून काढायचे, शीर्षकाच्या पार्श्वभूमीला लावायचे, आणि आतल्या टॅगमधले खरे शब्द 'दाखवू नका' अशी सूचना देऊन लपवायचे. डोळस वाचकाला फरक कळत नाही. परंतु अंध व्यक्ती पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली वापरतात, आणि अशा अनेक आज्ञावली 'दाखवू नका' ही सूचना शब्दशः पाळून ते शीर्षक गाळतात. ज्या उपक्रमाचा दावा असा की मजकूर अबाधित राहतो, त्याच्याच कित्येक रचनांत एका वाचकवर्गापुरता मजकूर नाहीसा होत होता. हा दोष दाखवला गेल्यावर डेव्ह शे यांनीच त्यावरच्या निरनिराळ्या उपायांची यादी जमवून प्रसिद्ध केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण अनुकरण झाले ते मूळ युक्तीचे.

आमचा पुढचा मुद्दा मराठी वाचकाचा आहे. बागेतली पहिली रचना 'ट्रँक्विल' आम्ही कसोटीसाठी घेतली आणि एचटीएमएल फाइलीतले इंग्रजी शब्द काढून त्यांच्या जागी मराठी शब्द घातले. खुणा जशाच्या तशा ठेवल्या. नियमाविरुद्ध आहे खरे, पण मजकूर आणि रूप वेगळे असतील तर मजकूर बदलल्यावरही रूप टिकले पाहिजे. त्या तत्त्वाची परीक्षा यापेक्षा चांगली कोणती घेणार? या रचनेच्या सीएसएस फाइलीत परिच्छेदासाठी जॉर्जिया टंक सांगितला आहे, आकार ८ पॉइंट आणि ओळींमधले अंतर १६ पॉइंट. जॉर्जियात देवनागरी नाही. त्यामुळे ब्राउझर आपल्या मनाने दुसरा टंक घेतो. ८ पॉइंटमध्ये इंग्रजी बारीक पण वाचनीय दिसते, देवनागरीत जोडाक्षरांचा चिखल होतो. ओळींमधले अंतर मात्र दुपटीचे असल्यामुळे वरचे रफार, वेलांट्या आणि खालचे उकार सुखरूप राहिले. हा निव्वळ योगायोग. परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ ठेवण्याची सूचना आहे. आपले लांबलचक सामासिक शब्द ओळीच्या शेवटी तुटत नसल्यामुळे अरुंद रकान्यात शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडली.

खरी गंमत शीर्षकांची. येथे शीर्षके तिरक्या अक्षरांत आहेत आणि प्रत्येक दोन अक्षरांत १ पिक्सेल जास्त अंतर ठेवायला सांगितले आहे. इंग्रजीत ही नजाकत शोभते. आपल्याकडे अक्षरे शिरोरेखेने बांधलेली असतात. त्यांच्यात अंतर घातले की रेघ जागोजाग तुटते आणि शब्द दात पडलेल्या फणीसारखा दिसतो. बहुतेक देवनागरी टंकांत तिरकी घडण वेगळी काढलेली नसते, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकडे करतो. पानाचे मुख्य शीर्षक आणि बाजूच्या यादीची शीर्षके तर बदललीच नाहीत, कारण ती चित्रे आहेत. मजकूर मराठी आणि माथ्यावर इंग्रजी पाटी, असे ते पान झाले. दुसऱ्या काही आरेखनकारांची एक आवडती सूचना म्हणजे शीर्षके मोठ्या लिपीत करा. देवनागरीत मोठी-लहान लिपीच नसल्यामुळे तिचा परिणाम शून्य.

यात आरेखनकारांचा अपराध काय, असे कोणी विचारील. त्यांनी इंग्रजी मजकुरासाठी रचना केल्या, मराठीसाठी नव्हे. अगदी बरोबर. पण मग निष्कर्षही तेवढाच काढला पाहिजे. एका विशिष्ट, कधीही न बदलणाऱ्या, ठराविक लांबीच्या इंग्रजी मजकुराला दोनशे रूपे देता येतात, एवढेच या बागेने सिद्ध केले. कोणत्याही मजकुराला एक रूप टिकते, हे सिद्ध केले नाही. आणि शाळेचे संकेतस्थळ करणाऱ्याला, जेथे रोज सूचना बदलतात, नेमके हेच दुसरे हवे असते. ते काम दुसऱ्या एका साधनाने केले. योगायोगाने त्याची पहिली आवृत्ती त्याच महिन्यात, मे २००३ मध्ये आली. ते साधन म्हणजे वर्डप्रेस. त्याला बागेसारखे कोणी सुंदर म्हणत नाही. परंतु मजकूर एकीकडे साठवायचा आणि वेष दुसरीकडून चढवायचा ही कल्पना ज्यांना सीएसएसचे नावही ठाऊक नाही अशा लोकांच्या हाती त्याने दिली.

आता 'मुक्त' या शब्दाकडे येऊ. 'मुक्त स्रोत' ही संज्ञा १९९८ साली रूढ करण्यात आली आणि तिची व्याख्याही तेव्हाच लिहिली गेली. तीत एक कलम असे आहे की आज्ञावलीचा उपयोग कोणत्या क्षेत्रात करायचा यावर बंधन घालता येणार नाही, व्यापारावरही नाही. झेन गार्डनचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे आणि त्याच्या अटी तीन: कर्त्याचे नाव द्या, व्यापारी उपयोग करू नका, आणि बदल करून पुढे द्याल तर याच अटींवर द्या. यातली मधली अट वरच्या कलमात बसत नाही. शिवाय चित्रांचे हक्क ज्याच्या त्याच्याकडे राहतात. इतरांना शिकता यावे म्हणून खुली करायला सांगितली आहे ती सीएसएसची फाइल. तेव्हा काटेकोरपणे बोलायचे तर हा मुक्त स्रोत नव्हे. शुल्क घेणाऱ्या एखाद्या वर्गाने यातली रचना बदलून आपले पान केले, तर तो व्यापारी उपयोग होतो की नाही, यावर विद्यार्थ्यांत चांगली चर्चा होऊ शकते.

उलट बाजूही पाहावी. आजची पुष्कळशी संकेतस्थळे ज्या साधनांनी बांधली जातात त्यांचे परवाने पूर्णपणे मुक्त आहेत. ट्विटर कंपनीत तयार झालेले बूटस्ट्रॅप २०११ साली खुले झाले. त्याचा उपयोग कोणीही, कशासाठीही करू शकतो. त्याने झेन गार्डन अक्षरशः उलटे केले. बागेत एचटीएमएल कायम आणि सीएसएस बदलती. येथे सीएसएस तयार मिळते, तिला हात लावायचे कारण नाही, आणि एचटीएमएलच्याच प्रत्येक टॅगला 'सहा घरांचा रकाना', 'मुख्य बटण' अशा अर्थाची नावे चिकटवायची. रूप पुन्हा मजकुरात शिरले. घाईत काम उरकायचे असेल तर सोय मोठी आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण मोठ्या संकेतस्थळाची मूळ संहिता उघडून पाहा. जागा वाचवण्यासाठी सगळ्या ओळी एकात एक दाबलेल्या, नावे यंत्राने दिलेली, निरर्थक. वापरलेली प्रत्येक आज्ञावली मुक्त, आणि समोरचे पान वाचता येत नाही! ब्राउझरमध्येच आता पानाची चिरफाड करून दाखवणारी साधने असतात, त्यांचा आधार मिळतो. पण ती शवविच्छेदनाची साधने आहेत. त्यांनी प्रेत कशाचे हे कळते, माणूस कसा बोलत होता हे कळत नाही.

मुक्त नसलेली बाग वाचता येते आणि मुक्त असलेले कारखाने वाचता येत नाहीत, ही विसंगती आम्हाला या सर्व प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्याला परवाना म्हणजे काय हे शिकवले पाहिजे यात शंका नाही. पण परवानगी असणे आणि समजेल असे लिहिलेले असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना दुसरीची गरज अधिक लागते. आमच्या मते झेन गार्डनच्या जुन्या रचनांचे आजचे मोल येथे आहे. कसे दिसावे यासाठी आज कोणी त्यांचे अनुकरण करू नये. ठराविक पिक्सेलांत आखलेली ती पाने लहान फोनवर नीट मावत नाहीत, आणि रकाने मांडण्याची जी सोय ग्रिडच्या रूपाने २०१७ पासून ब्राउझरांत आली, ती त्यांना माहीत असणे शक्यच नव्हते. पण माणसाने माणसासाठी लिहिलेली, वरपासून खालपर्यंत एका बैठकीत वाचता येणारी फाइल म्हणून ती द्यावीत.

प्रयोगशाळेत महाजालाची जोडणी नसली तरी हे काम अडत नाही. एक एचटीएमएल फाइल, एक सीएसएस फाइल, थोडी चित्रे, आणि नोटपॅड. एवढे सगळ्या संगणकांवर उतरवून घ्यावे आणि मुलांना आम्ही केला तसा मराठी मजकूर घालायला सांगावे. मग दुरुस्त्या सुचू लागतात. अक्षरांमधले अंतर शून्य केले की शिरोरेखा सांधली जाते. आकार ८ ऐवजी १२ पॉइंट केला की १६ पॉइंटचे अंतर अपुरे पडते, तेही वाढवावे लागते. टंक बदलायचा तर मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला 'मुक्ता' घेता येईल. त्याचा परवाना खराच मुक्त आहे, व्यापारी कामालाही चालतो, आणि त्याची फाइल पानाबरोबर ठेवता येते.

माथ्यावरची इंग्रजी पाटी तेवढी राहते. ती पुसून तिच्यावर मराठी अक्षरे काढण्याचा मोह होतो, पण चित्राचे हक्क परवान्याबाहेर आहेत. सीएसएस फाइलीतली चित्राची ओळ आणि शब्द लपवणारी ओळ अशा दोन ओळी मात्र खोडता येतात. त्या खोडल्या की इतका वेळ झाकलेले मराठी शीर्षक साध्या अक्षरांत वर येते. चित्राच्या मापाच्या चौकटीत ते मावत नाही, म्हणून रुंदी-उंचीचे आकडेही काढावे लागतात. मग पान दिसायला मूळच्याइतके देखणे राहत नाही. पण वाचून दाखवणारी आज्ञावली आता ते शीर्षक गाळत नाही.